आईनं काढलेला ताप बाळाच्या किती कामी येतो?

प्रश्न थोडक्यात असा: एक बाई एकतीस आठवड्यांच्या गर्भवती आहेत. सव्विसाव्या आठवड्यात त्यांना थंडी वाजून ताप आला, लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय नावाचे जंतू निघाले, आधी इंजेक्शनं आणि मग गोळ्या असा अँटीबायोटिकचा कोर्स झाला. आता त्या बऱ्या आहेत. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी धीर दिला की आईनं पोटुशी असताना सोसलं की बाळ काटक निघतं. त्यातच गरोदर उंदरिणीला संसर्ग झाला तर पिलं पुढे जंतूंना पुरून उरतात, असंही या गर्भवती बाईंच्या वाचनात आलं. म्हणून त्या विचारतात: माझ्या बाळाला सेप्सिसपासून, म्हणजे रक्तात भिनून साऱ्या शरीरावर उलटणाऱ्या जंतुसंसर्गापासून, काही संरक्षण मिळालं असेल का? आणि अँटीबायोटिकमुळे ते वाया गेलं का?

पहिल्याचं उत्तर, फारसं नाही. दुसऱ्याचं, नाही, आणि ती औषधं घेतली हे फार बरं केलंत. पण एवढ्यावर थांबलो तर वडीलधाऱ्या बाईंवर अन्याय होईल, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ते कुठे लागू पडतं आणि कुठे नाही, हा खरा मुद्दा.

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात बाळ दाखल होतं तेव्हा फॉर्ममध्ये एक रकाना असतो: ‘आईला गरोदरपणात संसर्ग: होय / नाही’. इतकी वर्षं तो भरतोय आणि इतकी वर्षं मला तो अपुरा वाटतोय. पाचव्या महिन्यातला फ्लू, सातव्या महिन्यातली लघवीची जळजळ, कळा सुरू असताना चढलेला ताप आणि दंडात घेतलेली लस, या चारही गोष्टींत आईच्या प्रतिकारशक्तीला काहीतरी ‘दिसलं’ हे खरं. बाळापर्यंत मात्र प्रत्येक वेळी वेगळंच काहीतरी पोहोचतं. कधी ढाल पोहोचते, कधी निखारा, कधी काहीच नाही.

आधी ढालीबद्दल. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, वारेतून बाळाकडे जातात. सगळ्या नाही, फक्त आयजीजी जातीच्या. वारेच्या पेशी आईच्या रक्ताचे थेंब पोटात ओढून घेतात. त्या थेंबांभोवतीच्या कप्प्यात आम्लता वाढली की आयजीजी एका विशिष्ट ग्राहीला, म्हणजे त्याला पकडून नेणाऱ्या वाहक रेणूला, चिकटतं आणि पचण्यापासून वाचतं. पलीकडे बाळाच्या रक्ताशी गाठ पडली की आम्लता ओसरते आणि ते सुटतं. असा काही वाहक असलाच पाहिजे, हे ब्रॅमबेल नावाच्या शास्त्रज्ञानं 1950च्या दशकाच्या अखेरीस तर्कानं मांडलं होतं. तो वाहक प्रत्यक्ष हाती लागायला पुढे बराच काळ जावा लागला.

ही वाहतूक सुरुवातीला अगदी मंद असते. साधारण तेराव्या आठवड्यापासून थोडं थोडं जायला लागतं. विसाव्या आठवड्याच्या आसपास बाळाकडे आईच्या पातळीच्या दहा टक्केही नसतं. तिसाव्या आठवड्याच्या सुमारास ते निम्म्यावर येतं आणि खरा लोंढा शेवटच्या चार आठवड्यांत जातो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात बरेचदा आईपेक्षाही जास्त आयजीजी सापडतं. म्हणजे अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ अपुऱ्या फुप्फुसांनिशी येतं तसंच अपुऱ्या शिदोरीनिशीही येतं. आईनं आयुष्यात कितीही जंतू पाहिलेले असोत, माल भरायच्या आधीच गाडी सुटलेली असते. जन्मानंतर ही शिदोरी दर तीन-चार आठवड्यांनी निम्मी होत जाते.

आता तुमच्या ई. कोलायकडे येतो.

तुमच्या शरीरानं त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं बनवली असणार, त्यात शंका नाही. अडचण ती कोणत्या जातीची याची आहे. ई. कोलायसारख्या जंतूंच्या बाह्य कवचातल्या घटकांविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, त्यात आयजीएमचा वाटा मोठा असतो. आयजीएम आकारानं मोठं असतं आणि वारेच्या त्या वाहकाला ते पकडता येत नाही, म्हणून ते आईकडेच राहतं. या गटातल्या जंतूंपुढे नवजात बाळं इतकी उघडी का पडतात, याचं हे एक जुनं आणि अजूनही पटणारं स्पष्टीकरण आहे. शिवाय आयजीजीतही पोटजाती आहेत. प्रथिनांविरुद्धचं आयजीजी-1 झपाट्यानं जातं, शर्करायुक्त आवरणांविरुद्ध ज्याचा वाटा मोठा असतो ते आयजीजी-2 सगळ्यांत सावकाश.

त्यातून बाळांच्या रक्तात आणि मेंदूच्या आवरणात शिरणाऱ्या ई. कोलायपैकी पुष्कळांच्या अंगावर के-1 नावाचं आवरण असतं. ते ज्या साखरेच्या साखळीचं बनतं, हुबेहूब तशीच साखळी माणसाच्या विकसित होणाऱ्या मज्जातंतूंवर असते. जंतू घरच्याच माणसाचा पोशाख घालून आत शिरतो म्हणा ना. त्यामुळे शरीर त्या आवरणाविरुद्ध धड प्रतिपिंडं बनवतच नाही, आईचंही नाही. म्हणून ‘माझ्या शरीरानं ई. कोलायशी झुंज दिली, आता बाळाला ई. कोलायची भीती नाही’ असं मला म्हणता येत नाही. शिवाय मूत्राशयात वाढलेला वाण आणि पुढे बाळाला त्रास देऊ शकणारा वाण एकच असतील असंही नाही.

वडीलधाऱ्या बाई जिथे बरोबर ठरतात ते उदाहरण ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसचं. जगभरात साधारण पाचापैकी एका गर्भवतीच्या योनिमार्गात किंवा गुदमार्गात हा जंतू मुक्कामाला असतो आणि तिला त्याचा काही त्रास नसतो. प्रसूतीच्या वाटेवर तो अशा मातांच्या निम्म्या बाळांना लागतो. प्रतिबंधक औषध दिलं नाही तर जंतू असलेल्या अशा शंभर मातांच्या बाळांपैकी एक किंवा दोन बाळांना सेप्सिस होतो. हे आकडे मी पहिल्यांदा शिकलो तेव्हा मला एक-दोन बाळांचं नव्हे, बाकीच्या अठ्ठ्याण्णवांचंच नवल वाटलं होतं. तीही त्याच वाटेनं आली होती, ती कशी वाचली?

कॅरोल बेकर आणि डेनिस कॅस्पर या संशोधकांनी 1976 मध्ये याचं मोठं उत्तर दिलं. ज्या बाळांना या जंतूच्या तिसऱ्या प्रकारामुळे गंभीर आजार झाला, त्यांच्या आयांच्या रक्तात त्या प्रकाराच्या जंतूवरच्या आवरणाविरुद्धची प्रतिपिंडं फारच कमी होती. जंतू असूनही ज्यांची बाळं धडधाकट राहिली, त्या आयांमध्ये ती पुष्कळ होती. आईनं त्या विशिष्ट जंतूला पूर्वी ओळखलं होतं, ती ओळख आयजीजीच्या रूपात होती आणि ती बाळाकडे जायला पुरेसे आठवडे मिळाले होते. या तिन्ही गोष्टी जुळल्या की आईचं ‘सोसणं’ बाळाच्या कामी येतं. एक जरी निसटली तरी नाही.

आईला या जंतूविरुद्ध लस द्यावी हा विचार तिथूनच पुढे आला. सहा प्रकारांविरुद्धच्या एका लसीचे दक्षिण आफ्रिकेतल्या गर्भवतींवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले आणि लसीतून तयार झालेली प्रतिपिंडं बाळांपर्यंत पोहोचल्याचं दिसलं. धनुर्वाताचं उदाहरण तर डोळ्यांत भरणारं आहे. 1988 मध्ये जगात अंदाजे 7,87,000 नवजात बाळं धनुर्वातानं दगावली. 2018 साठीचा अंदाज 25,000चा आहे. स्वच्छ प्रसूती आणि नाळेची स्वच्छता यांचा त्यात वाटा आहेच, पण आईच्या दंडातल्या त्या इंजेक्शनचा फार मोठा आहे. लस म्हणजे आजार न सोसता केलेली ओळख. प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे, मग वारेतून जायला काही आठवडे, हा हिशेब धरून डांग्या खोकल्याची लस बऱ्याच ठिकाणी 27 ते 36 आठवड्यांत देतात. तुम्ही आत्ता नेमक्या त्या काळात आहात, तेव्हा पुढच्या तपासणीला हा विषय काढा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे कोणी ना कोणी विचारतंच: मग या प्रतिपिंडांचं इंजेक्शन थेट बाळाला का देत नाही? देऊन पाहिलं आहे. सेप्सिसची शंका असलेल्या किंवा सेप्सिस ठरलेल्या 3,493 बाळांवरची एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक दात्यांच्या रक्तातून काढलेलं आयजीजी दिलेली बाळं आणि न दिलेली बाळं, यांच्यातल्या मृत्यूंत आणि गंभीर अपंगत्वात काहीच फरक पडला नाही. मला हा निकाल पुष्कळ शिकवून गेला. कोणाचंही आयजीजी चालत नाही. त्या बाळाभोवती असलेल्या जंतूला ओळखणारं हवं, आणि आजार उलटायच्या आधी अंगात हवं.

आता निखाऱ्याकडे, म्हणजे आईच्या अंगातल्या दाहाची धग बाळापर्यंत पोहोचते त्याकडे. उंदरांचे ते प्रयोग मनोरंजक आहेत आणि अनेकदा अर्धेच सांगितले जातात, म्हणून जरा रेंगाळतो.

आय-इंग लिम आणि यास्मिन बेलकेड या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात गरोदर उंदरिणींना यर्सिनिया जातीच्या एका सौम्य केलेल्या जंतूचा संसर्ग घडवला. तो थोड्या दिवसांत बरा झाला आणि जंतू गर्भापर्यंत गेलाच नाही. पण संसर्गाच्या काळात आईच्या रक्तात आयएल-6 नावाचा संदेशवाहक वाढला आणि त्याचा परिणाम गर्भाच्या आतड्यातल्या मूळ पेशींपर्यंत पोहोचला. त्या पेशींची घडण कायमची थोडी बदलली. मोठेपणी त्या पिलांच्या आतड्यात टीएच-17 जातीच्या लढाऊ पेशी जास्त होत्या आणि साल्मोनेलाचा संसर्ग त्यांनी चांगला परतवला. तुम्ही वाचलंत ते बहुधा इथपर्यंतच असावं. पुढचा भाग असा की त्याच पिलांना आतड्याचा दाह घडवणाऱ्या प्रयोगात जास्त त्रास झाला. पहारेकरी वाढवले, ते चोराबरोबर घरच्यांवरही धावून जायला लागले.

शिवाय हे संरक्षण आतड्यापुरतं होतं आणि मोठ्या झालेल्या संततीत तपासलेलं होतं. पहिल्या आठवड्यातल्या बाळाच्या रक्तातला जंतुसंसर्ग हा वेगळा प्रसंग आहे. तिथे बाळाची अडचण निराळीच असते. नवजात बाळाच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा राखीव साठा लहान असतो आणि मोठा हल्ला झाला की तो काही तासांत संपू शकतो. जंतूला भोकं पाडणारी रक्तातली पूरक प्रथिनंही कमी असतात. बाकीच्या पेशी अकार्यक्षम असतात असं नाही, त्यांना आवरून धरलेलं असतं. नऊ महिने आईच्या, म्हणजे निम्म्या परक्या शरीराशी जुळवून घ्यायचं आणि जन्मताच अब्जावधी जंतूंच्या गराड्यात यायचं, त्यात प्रत्येक जंतूवर आग ओकत सुटलं तर बाळ स्वतःच्याच आगीत होरपळेल. ‘बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची’ हे वाक्य मीही नातेवाइकांना सांगतो, सोपं पडतं म्हणून. खरं तर ती संयमी असते, आणि त्या संयमाची किंमत कधीकधी सेप्सिसच्या रूपात मोजावी लागते.

माणसांत निखाऱ्याचं सगळ्यांत जवळचं रूप म्हणजे गर्भवेष्टनांचा दाह. पाणी लवकर जातं, जंतू वर चढतात, पिशवी आणि वार सुजते. आईला ताप येतो किंवा येतही नाही आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. यामुळे बाळाला पहिल्या तीन दिवसांतला सेप्सिस होण्याचा धोका वाढतो, हे प्रत्येक निवासी डॉक्टरला पाठ असतं. कमी माहीत असलेली गोष्ट ही, की ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांच्या नोंदी तपासल्या तेव्हा अशी सूज असलेल्या वारेच्या बाळांना नंतरचा, म्हणजे तीन दिवसांनंतरचा सेप्सिस कमी झालेला दिसला. म्हणजे पेशी आधीच ‘जाग्या’ झाल्या असाव्यात. मेंढ्यांच्या गर्भाजवळ जंतूंचे विषारी घटक सोडून केलेल्या प्रयोगांत याच्या उलट बाजूही दिसली: वारंवार संपर्क आला तर पेशी थकून गप्प बसतात, पुन्हा डिवचलं तरी उठत नाहीत.

पण याच दाहामुळे मुळात बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मतात, आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हणजे फुप्फुसं, मेंदू, आतडी आणि वर सांगितलेली शिदोरी, सगळ्यातच तूट. नंतरच्या सेप्सिसमधली ती थोडी घट मला कोणी या किमतीत देऊ केली तर मी दोन्ही हात जोडून नको म्हणेन. तुमच्या बाबतीत सुदैवानं संसर्ग मूत्रमार्गापुरता होता आणि वेळेत आटोक्यात आला. मूत्रपिंडापर्यंत चढलेला संसर्ग तसाच राहिला असता तर तुम्हाला सेप्सिस होण्याचा आणि कळा लवकर सुरू होण्याचा धोका होता. अँटीबायोटिकनं बाळाला काय दिलं, असं विचाराल तर माझं उत्तर: आठवडे दिले. आणि आयजीजी आठवड्यांच्याच हिशेबानं जातं.

तरीही अँटीबायोटिकचा प्रश्न तुम्ही उगाच काढला नाहीत. आईच्या आतड्यातले नेहमीचे निरुपद्रवी जंतू बाळाची प्रतिकारशक्ती घडवतात, हे गेल्या दहा-बारा वर्षांत बरंच स्पष्ट झालंय. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे अँड्र्यू मॅकफर्सन यांच्या संशोधक गटानं आतड्यात एकही जंतू नसलेल्या गरोदर उंदरिणींना काही दिवसच टिकणारे निरुपद्रवी ई. कोलाय दिले. प्रसूतीच्या वेळी आई पुन्हा निर्जंतुक झालेली होती, पिलांना जंतू भेटलाच नव्हता, तरी त्यांच्या आतड्यात संरक्षक पेशी वाढलेल्या होत्या. जंतूंच्या शरीरातले बारीक रेणू आईच्या प्रतिपिंडांच्या मदतीनं वारेतून आणि दुधातून पिलांकडे पोहोचले होते. हे 2016 मधलं काम. त्याआधी 2014 मध्ये दुसऱ्या एका गटानं दाखवलं होतं की प्रसूतीच्या आधीपासून उंदरिणींना अँटीबायोटिक देत राहिलं तर पिलांच्या आतड्यातले जंतू घटतात, त्यांच्या रक्तातले न्यूट्रोफिल कमी होतात आणि के-1 ई. कोलायनं होणाऱ्या सेप्सिसपुढे ती लवकर हार मानतात.

हे वाचून घाबरू नका. त्या उंदरिणींवर अनेक औषधांचा मारा प्रसूतीपर्यंत आणि पुढेही चालू होता. तुमचा एक कोर्स सव्विसाव्या आठवड्यात संपला आणि बहुतेक स्त्रियांत आतड्यातली वस्ती काही आठवड्यांत बऱ्यापैकी सावरते. या प्रयोगांतून मी घेतो तो धडा डॉक्टरांसाठी आहे: आईला ‘असू दे जवळ’ म्हणून अँटीबायोटिक लिहू नये. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सात देशांतल्या मोठ्या चाचणीत सुमारे 29,000 स्त्रियांवर, असं सरसकट अँटीबायोटिक देऊन काय साधतं, हे तपासलं गेलं. कळा देत असताना अॅझिथ्रोमायसिनचा एक डोस दिल्यावर आईचा सेप्सिस किंवा मृत्यू 2.4 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आला, पण बाळांच्या सेप्सिसमध्ये आणि मृत्यूंत फरक पडला नाही. म्हणजे आईसाठी उपयोगी, बाळासाठी नाही. दोन्ही वाक्यं एकाच दमात सांगायला हवीत, कारण पहिलंच लोकांच्या लक्षात राहतं.

ग्रुप बी स्ट्रेपसाठी कळांच्या वेळी शिरेतून दिलेलं पेनिसिलिन मात्र वेगळं. त्यानं अमेरिकेत पहिल्या आठवड्यातला आजार हजारी 1.8 वरून सुमारे 0.2 वर आला. उशिरा होणारा आजार तिथे जवळपास तितकाच राहिला, कारण औषध काही तासांत ओसरतं आणि बाळाला जंतू नंतरही भेटू शकतो. तुमच्या जुन्या लघवीच्या रिपोर्टमध्ये ई. कोलायसोबत किंवा आधीच्या एखाद्या रिपोर्टमध्ये ग्रुप बी स्ट्रेप लिहिलेलं आहे का, ते एकदा बघा. असेल तर प्रसूतीच्या वेळी पेनिसिलिन लागेल, ते प्रसूतीच्या किमान चार तास आधी सुरू झालेलं बरं, आणि ही गोष्ट फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असायला हवी.

आता तुम्ही काय करायचं ते. औषध संपल्यावर लघवीचं कल्चर पुन्हा केलं होतं का? नसेल तर करून घ्या, आणि प्रसूतीपर्यंत अधूनमधून करत राहायला डॉक्टरांना सुचवा, कारण हा संसर्ग उलटतो. पाणी गेलं, ताप आला किंवा पोट थांबून थांबून कडक व्हायला लागलं तर सकाळची वाट पाहू नका. जन्मल्यावर पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्या. पहिल्या घट्ट पिवळसर दुधात, म्हणजे चिकात, आयजीए प्रकारची प्रतिपिंडं भरपूर असतात. ती बाळाच्या रक्तात फारशी शिरत नाहीत, आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात. सव्विसाव्या आठवड्यातल्या तुमच्या त्या ई. कोलायशी झालेल्या झटापटीची थोडी आठवण वारेतून गेली नसली तरी या वाटेनं जाऊ शकते. एवढं श्रेय वडीलधाऱ्या बाईंना नक्की द्या.

आणि घरी आल्यावर, विशेषतः पहिले चार आठवडे, बाळ दूध ओढेनासं झालं, नेहमीपेक्षा मलूल पडलं, अंग गार पडलं किंवा तापलं, शांत असतानाही मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, कण्हत असेल किंवा छाती आत ओढत असेल, तर तडक दवाखान्यात या. नवजात बाळाच्या सेप्सिसमध्ये ताप येईलच असं नसतं. ‘काल छान पीत होतं, आज नुसतं झोपतंय’ एवढंच आईचं वाक्य मी कितीतरी वेळा रक्ताच्या रिपोर्टच्या आधी ऐकलंय, आणि रिपोर्टची वाट न पाहता त्या वाक्यावर उपचार सुरू केलेत.